व्याह्यांचा डाळिंब शॉट

चांगल्या व्हिस्कीची बाटली मी मोरीत वाकडी धरली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय रं करतोयस?”

मागे त्या घरच्या काकू उभ्या होत्या. हातात पळी, डोक्यावर पदर, आणि चुलीवर मटणाचा रस्सा रटरटतोय. बारमननं गिऱ्हाइकाच्या घरी, गिऱ्हाइकाची दारू मोरीत ओतताना सापडणं यापेक्षा वाईट प्रसंग आमच्या धंद्यात नाही. मी बाटली सरळ केली.

आता हे असं का झालं ते सांगतो, नाहीतर तुमचा गैरसमज व्हायचा.

शिरवळजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात मी बारमन आहे. लोक मला विचारतात, “मामा, बाटल्या हवेत फिरवता का?” बाटली फिरवली की फुटते, एवढंच मला माहीत. माझं काम माप धरायचं, नीट मिसळायचं आणि गप्प बसायचं. यातलं गप्प बसायचं काम सगळ्यात अवघड. सुट्टीच्या दिवशी कुणी घरच्या पार्टीला बोलावलं तर तिकडंही जातो.

रणजित आमच्याकडं जेवायला येणारा पोरगा. शिरवळच्या एका कंपनीत सुपरवायझर. फेब्रुवारीत एक दिवस काउंटरवर येऊन बसला आणि म्हणाला, “मामा, पलूसला घरी यायचं. फळाचा, गोडसर, सोपा असा व्हिस्कीचा शॉट पाहिजे. फक्त दोन माणसांसाठी.”

“दोन माणसांना बारमन कशाला लागतोय रं? तूच ओत की.”

“त्या दोन माणसांत एकमेकांशी बोलणं नाही म्हणून.”

दोन माणसं म्हणजे त्याचे वडील आणि बहिणीचे सासरे. वडील, आबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ऊस, थोडी द्राक्षबाग. बहीण अश्विनी. तिनं आटपाडीच्या सागरशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. सागरही फौजेतच, पण घर धनगराचं. बापानं मेंढरं राखली, आता डाळिंबाची बाग आहे. आबांना ते मानवलं नाही. लग्नाच्या दिवशी पोरीनं फोन केला तर म्हणाले, “ह्या उंबऱ्यात परत पाय ठेवू नको.”

आता अश्विनीला सातवा महिना लागला होता. दोघांच्या आयांनी फोनवर बोलून ओटीभरण पलूसला ठरवलं. पण सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, आधीच सांगून ठेवलं होतं: ओटी भरा, जेवा, आणि सून आमच्याबरोबर परत येईल. ज्या घरानं हाकललं तिथं बाळंतपणाला सोडणार नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. अश्विनीचा जीव त्यातच अडकला होता. आईजवळ राहायचं होतं तिला, पण मागणार कुणाकडं? बापाकडं तोंड नाही, सासऱ्यापुढं धाडस नाही.

“दोघं एकत्र बसले, एक-एक घेतली, की बोलतील,” रणजित म्हणाला.

“सासरे घेतात?”

“घेत असणार की. आयुष्य रानात गेलंय. आणि व्याह्याला असं विचारतात का मामा, तुम्ही पिता का म्हणून?”

बरोबर होतं त्याचं. आपल्याकडं व्याह्याला हे कुणी विचारत नाही. पुढं ग्लास ठेवायचा, बाकी त्याचं तो बघेल. सगळा घोटाळा इथंच झाला.

दुपारी बायकांचा कार्यक्रम झाला. मी पोचलो तेव्हा अश्विनी हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत बसली होती. चेहरा हसरा आणि डोळे दाराकडं. दाराबाहेर पोर्चमध्ये दोन खुर्च्या. एकीत आबा, ताठ. दुसरीत अण्णा, पांढरं पागोटं, मांडीवर हात. दोघं समोरच्या उसाकडं बघत होते. उसात बघण्यासारखं काही नव्हतं.

अण्णांनी येताना डाळिंबांचं एक खोकं आणलं होतं. मी स्ट्रॉबेरीचा क्रश नेला होता, तो तसाच पिशवीत राहू दिला. घरात असं फळ आल्यावर बाटलीतलं कोण वापरतंय? डाळिंब मिक्सरला लावू नये, बी फुटतं आणि रस तुरट होतो. दाणे स्वच्छ फडक्यात घालून हातानं पिळायचे. तो रस, थोडं लिंबू, गुळाचं पाणी, चिमूटभर मीठ, आणि तीस मिली व्हिस्की. जिगर म्हणजे आमचं माप, डमरूसारखं असतं, त्याच्या लहान तोंडानं एकदा. बर्फ घालून हलवायचं, गाळायचं, बोटभर उंचीच्या ग्लासात ओतायचं आणि एका घोटात संपवायचं. त्याला शॉट म्हणतात. यात काही शास्त्र नाही.

मी रस पिळतोय तोवर आबा आत आले. पाणी प्यायला आल्यासारखं दाखवलं. मग दार लोटलं.

“बारमनसाब, एक काम हाय. कुणाला बोलायचं न्हाई.”

“बोला साहेब.”

“माझ्या ग्लासात दारू घालू नका. दिसायला तसंच दिसू दे.”

“डॉक्टरांनी सांगितलंय?”

“न्हाई.” त्यांनी आवाज खाली आणला. “पोरीला फोनवर बोललो, त्या सांजंला मी प्यालो हुतो. तवापासनं थेंब घेतला न्हाई. आन आज तिच्या म्होरं घेऊ?”

“मग तसं सांगा की अण्णांना.”

“काय सांगू? पोर तुमच्या घरात गेली म्हणून दारू सोडली, असं? त्यास्नी वाटंल, आमच्या घरात पोर आली ते ह्यांना दुखणंच झालं. आजच्या दिवशी ते नगं.”

मी बरं म्हणालो. माणूस कडक, पण असा विचार करणारा. मला एकदम आवडला.

आबा बाहेर गेले आणि हात धुवायच्या निमित्तानं अण्णा आत आले. त्यांनीही दार लोटलं. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

“पाव्हणं, ते काय ते करताय न्हवं, शाट. माझ्यात दारू घालू नगा.”

“का अण्णा?”

“आवं, जल्मात तोंडाला लावली न्हाई म्या. माझ्या थोरल्या भावाला दारूनं न्हेलं.”

“मग घेत नाही म्हणून सांगायचं. फौजी माणूस आहेत, समजून घेतील.”

अण्णांनी मान हलवली. “आदीच त्यास्नी आमचं घर कमी वाटतंय. त्यात म्या त्यांच्या घरचा गिलास माघारी लावला, तर म्हनतील, धनगराचा ताठा बघा. माझ्या घरात लेक हाय त्यांची. माझ्यापायी तिला आनखी बोल नगं.”

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. डाळिंब तोडून तोडून खरखरीत झालेला हात. मी त्यांनाही बरं म्हणालो.

म्हणजे पार्टी व्हिस्कीची, बोलावलेला बारमन, आणि पिणारा कुणी नाही. रणजित बापासमोर ग्लास धरणार नव्हता. दोघांची गुपितं माझ्यापाशी. आणि आमच्या धंद्याचा नियम असा की कुणाच्या ग्लासात काय आहे ते शेजारच्या खुर्चीला सांगायचं नाही.

नुसतं सरबत देऊन भागणार नव्हतं. आबांनी उमर फौजेत काढलेली. समोरच्याला सरबत पिऊन शहारा येत नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं असतं. दारू जिभेला कळते ती तुरटपणानं आणि घशातल्या आगीनं. मी रणजितच्या आईकडून, म्हणजे काकूंकडून, चहापत्ती मागून घेतली आणि कोरा चहा काळा होईपर्यंत उकळला. तुरटपणा आला. कढल्यात गूळ जरा करपवला, त्यानं व्हिस्कीचा तो जळका गोडवा आला. आग आणायला आल्याचा रस आणि कुटलेली मिरी. डाळिंबाच्या रसात मिसळून स्वतः चाखून बघितलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर आबांनी फौजेच्या कँटीनची व्हिस्कीची बाटली पुढं ठेवली. सील पाहुण्यासमोर फोडायचं असतं, ते मी फोडलं. मग बाटली घेऊन आत गेलो, वासासाठी ट्रेवरच्या फडक्यावर थोडी खरी व्हिस्की शिंपडली आणि दोन ग्लास भरून आणले. आबांनी बोट बुडवून तीनदा जमिनीकडं शिंपडलं, देवाला आणि पितरांना. अण्णांनी बघितलं आणि तसंच केलं. दोघांनी एका दमात ग्लास रिकामे केले.

आबा खाकरले. अण्णांना ठसका लागला, तो मात्र खरा होता.

“कडक हाय,” आबा म्हणाले.

“लय कडक,” अण्णा म्हणाले.

लग्नानंतर दोघांनी एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द.

आता थांबतील म्हटलं, तर आग्रह सुरू झाला. व्याह्याला एकावर कसं थांबवायचं? आबा म्हणाले, “अण्णांना आनखी एक.” अण्णा म्हणाले, “मग फौजीस्नीबी.” दुसरा झाला, तिसरा झाला. आल्याचा रस संपत आला. आणि रणजित बाटली हातात घेऊन म्हणाला, “मामा, ही तर भरलेलीच दिसतीय.”

आबा बाटलीकडं बघायला लागले. अण्णाही बघायला लागले. मी म्हणालो, “दे इकडं, आत मापायला लागते,” आणि तशीच उचलून आत मोरीपाशी गेलो. तिथं काकूंनी मला पकडलं.

काकूंनी बाटलीकडं बघितलं, मग चहाच्या पातेल्याकडं, मग किसलेल्या आल्याकडं. बाई शहाणी.

“ह्यांनी सांगितलं व्हय?” त्यांनी हळूच विचारलं.

मी बाटलीचं लेबल पुसायला लागलो.

“मला म्हाईत हाय. दर म्हैन्याला कँटीनातनं बाटली आणत्यात न कपाटात ठिवत्यात. लोकांस्नी वाटावं, चाललंय आपलं.” त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि फळीवरची रिकामी बरणी काढून माझ्यापुढं धरली. “मोरीत कशाला ओततोस? हितं घाल. गुडघ्याला चोळाय व्हईल.”

मी पाव बाटली बरणीत ओतली. अण्णांचं मात्र त्यांना सांगितलं नाही.

बाहेर आलो तर वेगळाच कार्यक्रम सुरू होता. दोघांनाही आता चढल्याचं दाखवणं भाग होतं. आबांना त्याचा सराव. शर्टाचं वरचं बटण काढून ते खुर्चीत जरा सैल बसले होते. अण्णांनी जत्रेतल्या वगातला दारुडा उचलला होता, त्यामुळं ते बसल्या जागी डुलत होते. आबा म्हणत होते, “दमानं अण्णा, दमानं.” मला हसू दाबायला ट्रे तोंडापुढं धरावा लागला.

आणि मग आबा बोलले. आवाज जड, पण शब्द एकदम स्वच्छ.

“अण्णा, आज जरा चढलीया, म्हणून बोलतो. मी पोरीला लय वंगाळ बोललो. उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हनलो. तवापासनं त्यो उंबरा वलांडताना मी खाली बघत न्हाई.”

अण्णांचं डुलणं थांबलं.

“तिचं बाळंतपण हितं व्हावं असं वाटतंय,” आबा म्हणाले. “मागायला तोंड न्हाई मला. पर मागतो.”

अण्णांनी खुर्ची आबांकडं वळवली. मग म्हणाले, “मलाबी चढलीया फौजी. म्हणून सांगतो. पोर सांच्याला रोज गच्चीवर जाती आन पलूसच्या अंगाला बघत हुबी ऱ्हाती. म्या बघतो न गप ऱ्हातो. लेक मलाबी हाय. तुमचा राग म्या तिच्यावर काढत हुतो.” त्यांनी आबांचा हात धरला. “ठिवून घ्या. पोर तुमची हाय. माझा नातू न्यायला म्या यीन.”

“नात झाली तर?”

“तर लवकर यीन.”

दारात काकू रडत होत्या. त्यांना एकाचं माहीत होतं, मला दोघांचं. दोन माणसं पूर्ण शुद्धीत, दारूचा आडोसा करून, मनातलं बोलत होती. बारमधल्या नोकरीत मी खोटी शुद्ध दाखवणारे पुष्कळ बघितलेत. खोटी नशा पहिल्यांदाच बघितली. मला भरून आलं, म्हणून आत जाऊन ग्लास धुवायला लागलो.

मागोमाग अश्विनी आली. तिनं दारामागून सगळं ऐकलं होतं. फुलांच्या बाजूबंदाची गाठ सुटली होती, ती तिला बांधता येत नव्हती.

“मामा, खरं सांगा. किती घेतली त्यांनी?”

“का ताई?”

“अण्णा कधीच घेत नाहीत. माझ्यासाठी आज पहिल्यांदा घेतली. सकाळी त्यांना काही आठवणार नाही. आणि आबांचं मला माहीत आहे. उतरली की परत गप्प होतील.” तिनं ती गाठ पुन्हा ओढून बघितली. “मी बॅग भरूनच ठेवते. अपेक्षा ठेवून मोडण्यापेक्षा बरं.”

माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर तिला झोप लागली असती. पण दोन म्हाताऱ्यांनी दार लोटून सांगितलेलं होतं ते.

“ताई, बॅग भरू नका,” मी म्हणालो.

“का?”

“मी बनवलेली उतरत नाही.”

तिला किती समजलं ते मला आजही माहीत नाही. गाठ बांधायला तिनं हात पुढं केला, ती मी बांधून दिली.

रात्र झाली म्हणून अण्णांची मंडळी आणि मी तिथंच मुक्कामाला राहिलो. सकाळी अण्णांची जीप निघायची वेळ झाली. अश्विनी पोर्चमध्ये उभी, पायाशी बॅग. शेवटी भरलीच होती तिनं. अण्णांनी बॅग उचलली. तिचा चेहरा पडला. अण्णा जीपकडं गेले नाहीत. बॅग घेऊन पायऱ्या चढले आणि उंबऱ्याच्या आत ठेवून आले.

आबा म्हणाले, “कालचं ध्यानात हाय म्हणायचं तुमच्या.”

“समदं हाय. तुमच्या?”

“समदं.”

दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी बर्फाच्या डब्याचं झाकण लावत होतो.

मुलगी झाली. बारशाला मला पुन्हा बोलावणं आलं, आणि अण्णा पुन्हा खोकं घेऊन आले. मी दाणे सोलायला बसलो तोवर आबा आत आले, दार लोटलं आणि म्हणाले, “माझं ध्यानात हाय न्हवं?” ते गेल्यावर अण्णा आले. तेही तेच म्हणाले. काकूंनी येताजाता सांगितलं की गुडघे बरे आहेत, बरणी संपत आलीय.

तेव्हापासून घरच्या पार्टीचं काम घेताना मी आधी विचारून घेतो, कोण पितं आणि कोण नाही. उत्तर ऐकून घेतो, आणि आलं थोडं जास्तच नेतो.