खांबाजवळची जागा

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आईला सांगायचं राहून गेलं, आणि आता ती नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — तेही तितकंसं सोपं नाही. बघा, सुरुवातीलाच किती रेंगाळतेय.

नसीमपासून सुरू करते.

हिंगोलीकडच्या गोरेगावला आमच्या कॉलेजच्या मागं खो-खोचं मैदान होतं. मैदान म्हणजे काय — मुरमाची सपाट जागा, दोन टोकांना रोवलेले लाकडी खांब, आणि सामन्याच्या आधी आम्हीच फक्कीनं आखलेल्या रेघा. संध्याकाळी बाजारातले जीपवाले सेनगावच्या सवाऱ्यांसाठी ओरडत असायचे आणि इकडं आमचं 'खो' चालू असायचं. अजूनही कुठं तापलेल्या मुरमावर पाणी शिंपडल्याचा वास आला की मला अकरावीचं वर्ष आठवतं. त्या वर्षाएवढी सुखी मी पुन्हा झाले का? माहीत नाही.

नसीम पिंजाऱ्याची पोरगी. तिच्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान होतं. त्यांच्या भुवयांवर कायम कापूस. मी बौद्धवाड्यातली, वडील शाळेत शिपाई. पहिलीपासून आम्ही दोघी एका बाकावर. ती आमच्या संघातली खांबाजवळची खेळाडू. समोरची पोरगी खांबाला वळसा घालायला बघायची, आणि नसीम एका हातानं खांब धरून अख्खं अंग झोकून सूर मारायची — जमिनीवर पडायच्या आत हात लागलेला असायचा. मी राखीव. पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत कडेला बसायची. वाईट वाटायचं का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि ते खोटं वाटलं नसतं.

अब्बा प्रत्येक सामन्याला यायचे. दुकान बंद करून सायकलवर. पोरी लाजतील म्हणून लांब, भिंतीपाशी उभे राहायचे, आणि नसीमचा सूर बसला की तिथनंच "बराबर! बराबर!" असं ओरडायचे. हे अब्बांचं मुद्दाम सांगतेय. पुढं लागणार आहे.

बारावीत तिची जांघ दुखायला लागली. आमचे खेळाचे सर म्हणाले, शीर भरली असेल. मी मलम चोळून द्यायची. ती दात दाबून पळायची आणि घरी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून लंगडायची. मग एक दिवस सरावातच, कुणाचा धक्काही न लागता, ती खाली बसली ती उठलीच नाही. नांदेडला नेलं. खुब्याच्या हाडाला तडा गेला होता, आणि हाड सरकायच्या बेताला आलं होतं. ऑपरेशन करून आत स्क्रू घातले.

गावात सगळ्या बाया एकच म्हणायच्या, "खुबा तर म्हातारीचा मोडते गं, या लेकराचा कसा मोडला?" डॉक्टर बाई होत्या. त्यांनी तिला आधी पाळीचं विचारलं. ती बंद होऊन कितीतरी महिने झाले होते, आणि आम्ही दोघी तर त्याला सोय समजत होतो! नुसत्या चहावर सकाळचा सराव, दगडासारख्या जमिनीवर रोज उड्या. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अंगाला मिळत नव्हतं ते हाडानं दिलं, आता त्याचं त्याला परत द्यायचं. पोटभर खायचं, घाई करायची नाही, व्यायाम चुकवायचा नाही. मग पळेल ही. पुन्हा खेळेल.

पुन्हा खेळेल — हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते.

आणि मग ते दिवस आले. आजारपणाचे दिवस चांगले म्हणावेत का? पण मला ते फार प्रिय आहेत. कॉलेज सुटलं की मी थेट तिच्या घरी. अब्बांनी तिच्यासाठी कापूस ठोकून ठोकून एक लांबट कडक उशी भरली होती, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये ठेवायला. अम्मी शेंगदाण्याचे लाडू आणि उकडलेली अंडी समोर ठेवून, संपेपर्यंत हलायची नाही. आधी नुसतं पाऊल वर-खाली करायचं. मग कुशीवर होऊन पाय उचलायचा — मी टाच धरायची आणि ती छताकडं बघत मला शिव्या द्यायची. कुबड्या सुटल्या, काठी आली, काठीही सुटली. भिंतीला हात न लावता आजारी पायावर एकटी उभी राहिली त्या दिवशी अम्मी रडली, नसीम हसली, आणि मी? मीही रडले. ते रडणं खरं होतं. तुम्ही विश्वास ठेवाल की नाही कोण जाणे, पण ते खरं होतं.

शेवटच्या तपासणीला नांदेडला मीही सोबत होते. बाईंनी हाडाचा फोटो पाहिला, तिला एका पायावर उड्या मारायला लावल्या आणि म्हणाल्या, हळूहळू मैदानात जा. परतताना वारंगा फाट्याला उतरून आम्ही खिचडी खाल्ली. अब्बा टपरीवाल्याला, शेजारच्या ट्रकवाल्याला, दिसेल त्याला सांगत होते, "डाक्टरनी म्हणलं, पोरगी खेळू शकते." नसीमनं माझ्या पानातली मिरची उचलली आणि म्हणाली, "वैशे, आता तुला पुन्हा चपला सांभाळाव्या लागतेत."

मस्करी होती. मीही हसले.

पण तोवर तिच्या जागेवर मी खेळत होते. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं — मी मागं ढकलत राहिले. ती पडली आणि सरांनी मला खांबाजवळ बसवलं. मला तिच्यासारखा सूर येत नव्हता, पण जमत होतं. लोक मला नावानं ओळखायला लागले होते. बापाला शाळेत कुणीतरी म्हणालं, पोरगी चांगली खेळते तुमची. आणि जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती.

एका सकाळी मी तिला पळताना पाहिलं. गावाबाहेरच्या गाडीवाटेला, ओढणी कमरेला बांधून, एकटीच. आधी सावकाश, मग जोरात. वाटेत एक लिंबाचं झाड होतं. तिनं धावता धावता त्याच्या बुंध्याला हात घातला आणि सर्रकन गिरकी घेतली. पाय कुठं अडखळला नाही. जिची टाच मी रोज हातात धरली होती ती पोरगी पळत होती — आणि मला काय वाटलं असेल? मी झुडपाआडून तशीच मागं फिरले. तिला हाकसुद्धा मारली नाही.

त्याच आठवड्यात सरांनी मला बोलावलं. सर हिंगोलीहून ये-जा करायचे, आणि नसीम अजून कॉलेजात नियमित येत नव्हती. म्हणाले, "नसीमला सांग, रविवारी निवडीला ये म्हणाव. तिची जागा ठेवलीय मी. तुम्हा दोघींपैकी कोण, ते मैदानावर बघू."

मी तिच्या घरी गेले. अम्मीनं चहा टाकला. मी नसीमला म्हणाले, "सर नको म्हणून राहिले गं. ऑपरेशनवाल्या पोरीची जबाबदारी कोण घेणार म्हणले."

तिनं विचारलं, "सरच म्हणले?"

"व्हय."

अब्बा लगेच पायात चप्पल घालायला लागले — सरांना भेटतो, डॉक्टरांचा कागद दाखवतो. मी घाबरले. पण नसीमनंच त्यांचा हात धरला. "न्हाई अब्बा. त्यांना नको तर हात जोडायला जाऊ नका." तिचा स्वाभिमान मला पहिलीपासून माहीत होता. खरं सांगायचं तर मी त्याच्यावरच विसंबून होते.

एवढंच असतं तर — एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी बोलले असते. पण सरांनाही उत्तर द्यायचं होतं ना? दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काय म्हणाली?" आणि मी म्हणाले, "सर, घरचे नको म्हणतात. तिचे अब्बा आता मैदानावर पाठवणार नाहीत."

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. मान हलवली आणि म्हणाले, "वाटलंच होतं. त्यांच्यात तसंच असतं."

मला ठाऊक होतं की ते असंच म्हणतील. म्हणून तर मी दुसरं कुठलं कारण काढलं नाही. आमच्या वस्तीबद्दल 'त्यांच्यात तसंच असतं' हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. ते वाक्य कुठं लागतं हे मला माहीत नव्हतं का? तेच मी उचललं आणि अब्बांवर टाकलं. त्या अब्बांवर — जे दुकान बंद करून भिंतीपाशी उभे राहायचे.

माझी निवड झाली. पुढं राज्यापर्यंत खेळले, त्या प्रमाणपत्रावर क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली. नसीमचं लग्न गावातच झालं. ती शिवणकाम करते, दोन लेकरं आहेत, चालणं झोकात. ती पुन्हा मैदानावर आली नाही.

अब्बांनी अडवलं, हे सरांनी तेव्हाच संघातल्या पोरींना सांगितलं, पोरींनी घरी. बाजारात माणसं अब्बांना सहज बोलून जायची — मियाँ, चांगली खेळत होती पोरगी, काहून बसवलं घरी? ते म्हणायचे, आमी न्हाई बसवलं. कुणाला पटायचं नाही. नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन दुकानात गेले तेव्हा त्यांनी मला बसवलं. पेढा हातातच होता. म्हणाले, "बेटा, तू तर तिच्यासंगं होतीस. लोक असं काहून बोलतेत?"

मी म्हणाले, "लोकांचं काय मनावर घेता, अब्बा."

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली.

मागच्या हिवाळ्यात माझ्या संघातल्या एका पोरीची जांघ दुखायला लागली. ह्या वेळी मी मलम चोळलं नाही; थेट नांदेडला नेलं. तडा लवकर सापडला, तरी स्क्रू घालावे लागलेच. घरची माणसं हबकून गेली होती, म्हणून मी नसीमला सोबत घेऊन त्यांच्याकडं गेले. तिनं त्या पोरीला कुशीवर कसं व्हायचं ते दाखवलं, तिच्या आईला लाडवांचं सांगितलं. आणि मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हिनं रोज माझी टाच धरली. ही नसती तर मी उठले नसते." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले.

पोरगी हुशार. तिनं विचारलं, "मावशी, मंग तुमी खेळणं काहून सोडलं?"

नसीम हसली. "सरच नको म्हणले गं. जाऊ दे, जुनी गोष्ट."

मी तिच्या शेजारीच बसले होते, गुडघ्याला गुडघा लागून. बोलायला जागा होती, वेळ होता. मी कपातला चहा संपवला आणि त्या पोरीला म्हणाले, चल, अजून एकदा करून दाखव.

सर तिला नको म्हणाले नव्हते. अब्बांनी तिला अडवलं नव्हतं. दोन्ही मी केलं. ती पळू शकत होती, आणि ते पाहिलेली मी एकटीच होते.