गुण नकोत, किस्सा सांगा

माणूस गेला की घरचे त्याचं कपाट आवरतात, चपला कुणाला तरी देऊन टाकतात, मोबाईलचं सिम बंद करतात. किस्से मात्र कुणी आवरत नाही. ते आमच्याकडच्या वेड्या बाभळीसारखे असतात. पाऊस पडो न पडो, आपले वाढतच राहतात! आणि आमच्या कॉलेजात तर त्यांचं रानच माजलंय. कारण आमच्या माजी विद्यार्थी संघाचा एक नियम आहे.

दरवर्षी मेळाव्यात, त्या वर्षात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची आठवण काढतात. पूर्वी भाषणं व्हायची. प्रत्येक जण मनमिळाऊ, प्रत्येक जण अजातशत्रू, प्रत्येकाच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी! बांधावरून अख्ख्या भावकीला कोर्टात खेचणारे, तेही अजातशत्रू! शेवटी आमचे रिटायर झालेले गायके सर वैतागले. म्हणाले, "आजपासून गुण सांगायचे नाहीत. गुण सगळ्याच मेलेल्यांना असतात. एक किस्सा सांगायचा. खरा. हॉल हसला तर माणूस आठवला, नाहीतर नुसतं नाव वाचलं."

मी याच कॉलेजात शिकले आणि आता तिथेच तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्वावरच्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. त्यामुळे किस्से गोळा करायचं काम माझ्या गळ्यात! म्हणजे दुखवट्याच्या घरी जायचं, चहाला नको म्हणायचं आणि हळूच विचारायचं, "यांचा काही हसायचा किस्सा आहे का हो?" हे मी विचारायचं! कुकरची शिट्टी झाली तरी जिच्या हातातलं खाली पडतं ती मी!

यंदा तर घाबरायला आणखी दोन कारणं होती.

एक म्हणजे संघाचे अध्यक्ष रावसाहेब अण्णा. सहकारी साखर कारखान्याचे माजी चेअरमन. कडक इस्त्री, कडक आवाज, आणि त्यांचे दात कॉलेजात कुणीही पाहिलेले नाहीत. त्यांना हा नियम मुळीच पसंत नाही. "श्रद्धांजली हाय का तमाशा? दोन मिनिटं उभं राहून मौन पाळावं अन् मोकळं व्हावं. मॅडम, यंदा एक जरी किस्सा कमी पडला ना, पुढच्या वर्षीपासून किस्से बंद!"

दुसरं कारण कौसामावशी. सिरसाळ्याहून एसटीने एकट्या आल्या आणि स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचे नवरे नामदेव आमच्या कॉलेजात दोन वर्षं होते, मग पिठाची गिरणी चालवली, आणि उन्हाळ्यात गेले. मावशी म्हणाल्या, "माय, घरात ते कधी बोलायचेच न्हाईत. गिरणी बोलायची, तेवढंच. तुमच्याकडं मेलेल्या माणसाचा हसायचा किस्सा सांगतेत म्हणं. त्यांचा बी असंल की एखादा. मला ऐकायचाय."

मी "हो मावशी, असेलच" म्हणून बसले. आणि झोप उडाली.

*

पहिलं घर मांजरसुंब्याचं. बापू ढाबेवाले. बी.कॉम. नापास, पण हिशोबाला पक्के. मी दारात गेले, कुत्रं भुंकलं, मी थेट त्यांच्या मुलाच्या अंगावर! अशा अवस्थेत किस्सा विचारला.

मुलगा सांगायला लागला. दुष्काळाचं साल होतं, ढाब्याला टँकरचं पाणी. बापूंची शेवभाजी म्हणजे जाळ. गिऱ्हाईक एक घास खायचं आणि पाण्याचा एक जग रिकामा करायचं. भाजीपेक्षा पाणी महाग पडायला लागलं. बापूंनी तिखट कमी केलं, तर ड्रायव्हर लोक भांडायला उठले, "बापू, ही काय बाळंतिणीची भाजी हाय का बे?"

दुसऱ्या दिवशी बापूंनी ढाब्यावर बोर्ड लावला: "तिखट पाहिजे असल्यास पाणी घरून आणावे."

मी हसले. दुखवट्याच्या घरात, खळखळून! मग तोंडावर ओढणी धरून रडल्यासारखं केलं. तोपर्यंत त्यांचा मुलगाही हसत होता. निघताना नामदेवांचं विचारलं. "न्हाई बा. बापूंच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं न्हाई."

*

मग बीडचे वकीलसाहेब. गावाकडच्या दूध सोसायटीच्या निवडणुकीला त्यांना उभं राहायचं होतं. नियम असा की जो सोसायटीला दूध घालतो तोच उभा राहू शकतो. वकीलसाहेबांकडे काळा कोट होता, म्हैस नव्हती.

पण रोज सकाळी ते सायकलवर कॅन बांधून सोसायटीत हजर! दूध कुठून येतं हे कुणाला कळेना. विरोधी उमेदवार होते गावचे पाटील. भर सभेत ते उठले आणि ओरडले, "ह्या वकिलाच्या दुधात निम्मं पाणी हाय!"

वकीलसाहेब शांतपणे उभे राहिले. "हाय. मला बी रोज तीच शंका येते. पण तुमच्याच गोठ्यातून इकत आणतो, तुमाला कसं बोलावं?"

निवडून आले. बिनविरोधच म्हणायचं, कारण पाटील मतमोजणीला आलेच नाहीत. हा किस्सा वकिलीणबाईंनी स्वतः सांगितला. नामदेव? त्यांनी डोकं हलवलं.

*

ढगे गुरुजींचा किस्सा गावात पाठ आहे. दुष्काळात चारा छावणी उघडली आणि देखरेखीला गुरुजींना बसवलं. आता गुरुजी ते गुरुजी! जनावरं रांगेत, उंचीप्रमाणे. रोज सकाळी हजेरी. नाव घेतलं की मालकाने "हजर" म्हणायचं.

एक दिवस तालुक्याचे साहेब तपासणीला आले. एक कालवड कमी. "गुरुजी, ही कुठंय?"

गुरुजींच्या तोंडून सवयीने निघालं, "मामाच्या गावाला गेली, साहेब."

"कालवडीला मामा?"

"हाय की. तो बघा, तिसऱ्या रांगेत रवंथ करायलाय."

"मामा इथं आहे, मग भाची कुठंय?"

"साहेब," गुरुजी म्हणाले, "सकाळपासून त्याला तेच इचारायलोय!"

गुरुजी नामदेवांच्या बॅचचे होते. मी आशेने त्यांच्या भावाला विचारलं. तो म्हणाला, "नाम्या ना? ऊसतोडीवाल्याचा. दिवाळी झाली की गायब, परीक्षेला उगवायचा. वर्गात असला काय अन् नसला काय. त्याचा कसला किस्सा?"

*

यादीतल्या तात्यांचा किस्सा मात्र मला त्यांच्या जिवंतपणीच मिळाला होता. गेल्या वर्षी स्वतः फोन करून बोलावलं. "पोरी, माझा किस्सा मीच सांगतो. दुसरे शेवट बिघडवतेत."

सुरुवात झकास. तात्यांच्या लग्नात नवरदेवाचा घोडा आलाच नाही, म्हणून सोसायटीचा ट्रॅक्टर सजवला, तात्या मडगार्डवर बसले, ट्रॅक्टर निघाला... आणि तात्या थांबले.

"पुढे?"

"इसरलो. आठवलं की फोन करतो."

पहाटे फोन! मी पलंगावरून खाली. "आठवला शेवट! लिही. '...आणि तेव्हापासून कारखान्याचा भोंगा सोमवारी दोनदा वाजतो!'"

"तात्या, पण लग्नाचा आणि भोंग्याचा काय संबंध?"

"कसलं लग्न?" तात्या म्हणाले.

श्रावणात तात्या गेले. यंदाच्या मेळाव्यात तो किस्सा मी तसाच सांगितला. एकाची सुरुवात, दुसऱ्याचा शेवट. तोवरच्या किश्श्यांत हॉल सगळ्यात जास्त त्यालाच हसला! लोक अजून मधला भाग आपापल्या मनाने लावताहेत.

*

तर मेळावा. बापू झाले, वकीलसाहेब झाले, गुरुजी झाले, तात्या झाले. हॉल डोळे पुसत हसत होता. आता एकच नाव उरलं होतं.

आदल्या आठवड्यात मी धीर करून अण्णांनाही विचारलं होतं. तेही त्याच बॅचचे. "मला काय आठवत न्हाई," म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

पहिल्या रांगेत कौसामावशी. नवं कोरं लुगडं, मांडीवर पिशवी, चेहरा हसायला तयार.

"कै. नामदेव..." मी नाव वाचलं. थांबले. "यांचा किस्सा कुणाला आठवत असेल तर कृपया..."

कुणी खोकलं. कुणी पंख्याकडे पाहिलं. गायके सरांनी मान खाली घातली.

कौसामावशी उठल्या. पिशवी काखेत मारली. आवाजात राग नव्हता. "ऱ्हाऊ द्या माय. गरिबाचा कुठला किस्सा? असंल तर आठवंल ना कुणाला." आणि दाराकडे वळल्या.

"वहिनी, बसा!"

मी दचकून माईक पाडला. स्टेजवर अण्णा उभे होते. पांढरी टोपी, पांढरा चेहरा. माईक मागितला नाही, त्यांना लागतही नाही.

"दुष्काळ होता. हॉस्टेलची हीर आटली, मेस बंद पडली. पोरं घरी गेली. माझ्या घरचेच खडी फोडायला गेलते, मी जाऊ कुठं? नाम्या म्हणला, चल माझ्यासंगं उसाला. पण मुकादम एकटा गडी घेईना. जोडी पायजे. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशोब. नाम्याचं लगीन झालेलं न्हवतं. माझं बी न्हाई."

अण्णा घोटभर पाणी प्याले.

"नाम्याला मिशी होती. मला न्हवती. त्यानं आईचं लुगडं आणलं."

 हसावं की नाही, कुणाला ठरवता येईना.

"त्या साली मी नाम्याची बायको होतो," अण्णा म्हणाले. "ट्रकमधी बायकांत बसून गेलतो. पदर नाकापतूर. कुणाला पत्ता न्हाई. पण दाढी कुठवर थांबल? एक दिवस फडाच्या कडंला आरसा टेकवून दाढी करायलो होतो. मागं बघतो तर मुकादम!"

"मग?" गायके सरांच्या तोंडून निघालंच.

"त्यानं माझ्याकडं बघितलं. आमच्या मोळ्यांच्या ढिगाकडं बघितलं. सगळ्यात मोठा ढीग आमचा. म्हणला, 'कर, कर दाढी. पण पदर पडू देऊ नको बाई, कारखान्याचे चेअरमन फडावर यायलेत!'"

हॉल फुटला. पत्रे हलले असतील. गायके सर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. अण्णा मात्र अजून कौसामावशींकडेच बघत होते.

"नाम्यानं हे कधी कुणाला सांगितलं न्हाई, वहिनी. मी चेअरमन झालो तवा बी न्हाई. पडलो तवा बी न्हाई."

कौसामावशी भर वाटेत उभ्या. आधी खांदे हलले. मला वाटलं, रडताहेत, आता काय करू? पण त्या हसत होत्या. इतक्या की पिशवी खाली ठेवून खुर्चीला धरावं लागलं.

"अगं बया! म्हंजी चेअरमनसाहेब, तुमी माझी थोरली सवत!"

आणि सरळ स्टेजवर चढल्या. "थांबा, सरकू नका. थोरलीच्या पाया पडावं लागतंय!"

अण्णा मागे मागे सरकत भिंतीला टेकले. त्यांचा हात झटकन डोक्याकडे गेला. टोपी सावरायला की पदर, ते कुणालाच कळलं नाही.