सोसायटीच्या गेटवरचा सूर्य

२६ जानेवारी, रविवार. झेंडावंदन आटोपल्यावर, आमच्या चऱ्होलीतल्या सोसायटीचं पार्किंग. हजर: मी, माझा नवरा, तळमजल्यावर राहणारे आणि चाकणला एका बेअरिंग कंपनीत क्वालिटी बघणारे, सगळे ज्यांना भाऊ म्हणतात ते शेजारी, सोसायटीतली सात-आठ मुलं, आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या माझ्या सासूबाई. गैरहजर: आदल्या दिवशी ग्रुपवर ‘नक्की येतो’ म्हणून अंगठा दाखवलेले बाकी सगळे.

मी चाकणलाच एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. कुठला माल कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या महिन्याच्या माझ्या यादीत सगळ्यात वर आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. दिवाळीत ते ठरलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, सणाचं नको. मग संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घेतली, तर ती निघाली कर, म्हणजे अशुभ दिवस. आता फेब्रुवारीची तारीख मिळाली होती आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आणखी लांबवलं तर मांड्यांची ताकद जाईल आणि मग ऑपरेशन करूनही या खुर्चीतच राहतील. ज्या बाईने आयुष्यभर डोक्यावर भारे घेऊन शिवार पालथं घातलं, ती लिफ्टपर्यंत जायला भिंत धरत होती.

आणि नेमका तेव्हाच त्यांच्या बचत गटाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला. येत्या अमावस्येला सगळे ग्रह एका रांगेत येणार, एकमेकांना ओढणार, सूर्य तीन दिवस काळा पडणार आणि जग बुडणार.

“चार दिसांनी जग बुडायचं हाय,” आई मला म्हणाल्या, “आन् तू मला नवं गुडघं बसवाया निघालीस? पाण्यात घालायचा पैका!”

वाद घालून उपयोग नव्हता, मी घालून पाहिला होता. म्हणून प्रजासत्ताक दिनाला मुलांकडून ग्रहमाला मांडून घ्यायची असं मी ठरवलं. आईंना समोर बसवायचं आणि डोळ्यांनी दाखवायचं.

सामानाची जबाबदारी भाऊंनी घेतली. एक सेंटीमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर, असं माप त्यांनी धरलं. त्या मापाने पृथ्वी बरोबर बेअरिंगच्या अर्ध्या इंची छर्ऱ्याएवढी येते आणि असे छर्रे त्यांच्याकडे टोपलीभर. बुध, शुक्र, मंगळही छर्रेच.

“वहिनी, रिजेक्ट मालातली हाय पृथ्वी,” भाऊ म्हणाले. ते लातूरकडचे. “एका बाजूनं ओरखडा हाय. तरी गेटपास करून आणलोय. सिक्युरिटीवाला इचारला, काय नेतायसा? म्हटलं, पृथ्वी. तो म्हणला, साहेबाची सही कुठंय?”

गुरू म्हणून एक लहानसं शहाळं, शनी म्हणून सोललेला मोठा नारळ, युरेनस आणि नेपच्यून म्हणून दोन मोठी लिंबं. सूर्य मात्र माझ्या गळ्यापर्यंत येईल एवढा झाला. आमच्या स्टोअरमधले रिकामे खोके उलगडून, चिकटवून, मुलांनी तो पिवळा-केशरी रंगवला होता.

मांडायचं कुठे, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. आमच्या सोसायटीत हळदीकुंकू असो, मीटिंग असो की वाढदिवस, सगळं पार्किंगमध्ये होतं आणि पार्किंगमध्ये प्रत्येक वस्तूला नंबर लागतो. सूर्याला पहिला नंबर दिला, मग पुढे एकेका गाडीच्या जागेत एकेक ग्रह. पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध, अगदी शिस्तीत. मी मागे सरून पाहिलं आणि मनातल्या मनात खूण केली. झालं.

आईंनी त्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग त्यांनी हात जोडले.

“व्हय गं बाई. खरंच रांगेत आलं समदं. हे शहाळं जरा घरंगळलं, तर ह्या छर्ऱ्याचा चुराच की!”

मुलं हसली. नवरा माझ्याकडे पाहून म्हणाला, “वा! व्हिडिओवाल्यालाही इतकं छान जमलं नव्हतं.”

“हसू नका,” मी म्हटलं. “अंतरं सांगा.”

त्याने मोबाइलमध्ये पाहिलं, भाऊंनी हिशोब केला आणि चूक सापडली. आकार मापात घेतले होते, अंतरं कुणी घेतलीच नव्हती. याच मापाने पृथ्वी सूर्यापासून दीडशे मीटरवर जात होती. गुरू पाऊण किलोमीटरच्या पुढे. आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ आळंदीला.

“पार्किंगमध्ये बसत नाही की हो, वहिनी,” भाऊ म्हणाले.

“मग रस्त्यावर मांडू.”

पुढच्या अर्ध्या तासात मी कामं वाटून टाकली. सूर्य गेटच्या खांबाला बांधला. भाऊ आणि मुलं छर्रे घेऊन पायी निघाले, नवरा लिंबं, नारळ आणि शहाळं घेऊन स्कूटरवर. आईंना गाडीत गुडघे दुमडून बसता येत नाही, म्हणून पाय लांब करून बसायला कोपऱ्यावरची रिक्षा बोलावली. त्या यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, जग बुडायच्या आधी गावातून एक चक्कर मारून घ्या. त्यावर मात्र लगेच उठल्या.

दूध डेअरीपाशी भाऊ हातात छर्रा घेऊन उभे होते. आईंनी तो तळहातावर घेतला आणि मागे वळून पाहिलं. गेटवरचा सूर्य आता भाकरीएवढा दिसत होता.

“एवढ्या लांबनं ऊन लागतं आपल्याला?”

“लागतं की, मावशी,” भाऊ म्हणाले. “अजून पाच अब्ज वर्षं लागत राहणार. तेवढं इंधन हाय म्हणत्यात त्याच्यात.”

“आन् डाक्टर म्हणतो, नवं गुडघं पंधरा-वीस वर्सं जात्यात. म्हंजी सूर्याआधी मीच बंद पडायची!”

हार्डवेअरच्या दुकानापाशी मंगळ होता. मग रिक्षा चालतच राहिली. नवे टॉवर गेले, ‘ताबा लगेच’ लिहिलेले बोर्ड गेले, ज्वारीचा एक उरलासुरला तुकडा गेला, तेव्हा कुठे शाळेच्या कंपाउंडवर शहाळं दिसलं. सूर्य केव्हाच दिसेनासा झाला होता.

“ह्ये त्या छर्ऱ्याला ओढणार? हितनं?” आई म्हणाल्या.

“रांगेत येतात म्हणजे आपल्याला आकाशात एका बाजूला दिसतात, एवढंच. एकमेकांच्या जवळ कुणी येत नाही,” शेजारी बसलेली मी म्हणाले.

 शनीचा नारळ आला आणि मागे पडला. पहिल्या लिंबाच्या पुढे रस्ता बराच मोकळा होता. तिथे त्यांनी माझा हात धरला.

“सूनबाई, मला भ्या वाटतं गं. बेशुद्ध केलं आन् उठलेच न्हाई, तर? मग माझ्यापुरतं जग बुडालंच की.”

 माझ्या यादीत विम्याचे कागद होते, रक्ताचे रिपोर्ट होते, वॉकर होता, कमोडची खुर्ची होती, कुणी कुठल्या रात्री थांबायचं तेही होतं. हे कुठेच नव्हतं.

“पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, आई. कमरेत इंजेक्शन देतात. फक्त पाय बधिर होतात. तुम्ही जाग्याच असणार.”

“जागी? म्हंजी बोलता येतं?”

“येतं. हवं तेवढं.”

त्यांनी माझा हात सोडला आणि कपाळाला हात लावला. “अगं, मग हे आधी न्हाई का सांगायचं? सूर्य बांधत बसलीस त्यो!”

रिक्षावाला इतका हसला, की त्याला रिक्षा बाजूला घ्यावी लागली. नेपच्यूनपाशी नवरा दुसरं लिंबू हातात धरून ताटकळत उभा होता. आईंनी रिक्षातूनच त्याला ओरडून सांगितलं, “डाक्टरला फोन लाव! म्हणावं, येतीय मी!”

अमावस्या आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सूर्य वेळेवर उगवला आणि आईंनी तो व्हिडिओ पाठवणारीला ग्रुपवर बोलून पाठवलं: “काय गं, बुडालं का न्हाई अजून? माझी बॅग भरून झाली.”

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. भूलतज्ज्ञ बाहेर येऊन मला म्हणाल्या, “तुमच्या सासूबाईंनी सगळ्या स्टाफला ग्रहमाला शिकवली. पृथ्वीला गेटपास लागतो, हे खरं का?”

वॉकर सुटला, काठी आली. पहिल्यांदा त्या गेटपर्यंत गेल्या, तेव्हा वॉचमनने उठून सलाम ठोकला. काही आठवड्यांनी काठी टेकत दूध डेअरीपर्यंत गेल्या आणि काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, “आले रं पृथ्वीवर!” डेअरीवाल्याने पेढा दिला. परवा तर हार्डवेअरचं दुकान गाठलं, तेही न थांबता. दुकानदाराने बसायला स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी कंबरेवर हात ठेवून सगळा रस्ता न्याहाळला, टॉवरांसकट, एखाद्या मालकिणीसारखा.

“आता शाळेपातुर,” घरी आल्यावर त्यांनी हुकूम सोडला. “तिथं माझं शहाळं पायजे. रिक्षातनं न्हाई, चालत जाऊन पिणार हाय.”

जुनं शहाळं सव्वीस जानेवारीलाच मुलांनी संपवलं होतं. नवं आणायचं राहिलं आहे.