आधी पान दाखव

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात सुभद्रामावशी लिंबोळीचं तेल घेऊन बसायच्या. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "पान आणलं का?" बागेतलं कीड पडलेलं पान दाखवल्याशिवाय तेल मिळायचं नाही. पान हातात आलं की त्या ते उलटं करून उन्हात धरायच्या. मग तेल, सोबत भिजवलेल्या रिठ्याचं पाणी आणि ताकीद, "दोन्ही आधी घोटून घे, मंग पाण्यात टाक. ऊन कललं की फवार. भर दुपारी मारशील, पानं करपतील, अन् शिव्या मला देशील."

वारंगा फाट्यावर माझी रोपवाटिका आहे. हातगाडीवर मोगरा विकत विकत मी ती उभी केली. रोप नेणारा प्रत्येक जण किडीचं औषध मागतो. मावशींचं तेल बाटल्यांत भरून फाट्यावर विकायचं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी अख्खा कॅन मागितला. भाव वाढवला. शेवटी उठून चालू लागल्याचं नाटक केलं. या नाटकावर भले भले व्यापारी मागून हाक मारतात. मावशी पुढच्या बाईचं वांग्याचं पान बघत बसल्या. मलाच परत यावं लागलं.

"मावशी, विकायचंय की नाही तेल?"

"इकायचंय की. पर मी तेल किड्याला देते शेठ, माणसाला न्हाई. तुझ्या बाटलीतलं कोण कशावर मारंल, मला काय ठावं?"

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम जास्वंदीचं पान नेलं. रस शोषणाऱ्या माव्यानं भरलेलं, वर काळ्या-नारिंगी काटेरी अळ्या. आता कशी नाही म्हणते बघू! मावशींनी पान उलटलं आणि त्या हसल्या.

"आरं, ह्या अळ्या मावा खाऊन राहिल्या. ह्यांचेच लाल ठिपकेवाले ढालकिडे व्हतात. राखणदाराला मारतो व्हय?"

शेजारचे भाजीवालेही हसले. माझं डोकं फिरलं. "घाला ते तेल लोणच्यात!" म्हणत मी गाडीला किक मारली.

"काहून एवढा तापून राहिला?" मावशी मागून ओरडल्या. "जास्वंद बघ अन् पुढच्या बाजारी सांग!"

तेल न मारताच जास्वंद स्वच्छ झाली. मी सांगायला गेलो नाही. चारचौघांत हसायची काय गरज होती?

यंदा मावशी गेल्या. घरी भेटायला गेलो, तर सुनेनं भरलेला कॅन माझ्यापुढे आणून ठेवला. "भाऊ, तुमाला लई दिसापासून पायजे व्हता. न्या. भाव तुमीच सांगा."

समोर अडवणारं कोणी नव्हतं. असा सौदा मला जन्मात मिळाला नव्हता. पण बसवेना. उगाच शर्टाचा खिसा चाचपला, तर सकाळी निघताना तोडलेलं जास्वंदीचं पान हाताला लागलं. मावशींकडे जायचं म्हणून हातानं आपोआप तोडलेलं. उलटं केलं. मावा होता. आणि त्यात एक काटेरी अळी, निवांत खाऊन राहिलेली.

"राहू द्या कॅन," मी म्हणालो आणि पान जपून धरत तणतणत उठलो. मेल्यावरही बाईनं सौदा होऊ दिला नाही.