आमच्याकडे मध्ये कुणी जात नाही

मुलांच्या लघवीच्या तक्रारी हा माझा डॉक्टरकीतला प्रांत, त्यामुळे ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात लोक सहसा कुजबुजतच बोलतात. टिटवाळ्याची ती आजी मात्र खणखणीत आवाजात म्हणाली, "आमची नात गुणाची हो! घरून निघाली की परत येईपर्यंत एकदा पण जात नाही. आमच्याकडे मध्ये कुणी जातच नाही."

गुणाची नात सात वर्षांची. वर्षात चौथ्यांदा लघवीचा संसर्ग, हुडहुडी भरून ताप, आणि सोनोग्राफीत मूत्राशय नको तितकं ताणलेलं. असंच चालू राहिलं तर मूत्रपिंडाला कायमची इजा झाली असती. मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मी जास्त चेष्टा करते, ही माझी जुनी खोड.

मोठ्यांना गप्प बसवून आधी मुलाला विचारायचं, ही माझी पद्धत. "शाळेत का नाही गं जात?"

"कडी लागत नाही. आणि पाणी प्यायलंच नाही तर जायला लागतच नाही," ती पाढा म्हणावा तशी म्हणाली.

"कुणी शिकवलं हे?"

तिने शेजारी बसलेल्या आईकडे बोट केलं. "अहो मॅडम, ऑफिसला निघाले की मी पण तेच करते. स्टेशनवर कुठे जाणार?" म्हणत आईने आजीकडे पाहिलं. आजी पंख्याकडे बघत होती.

मला खूप राग आला, पण काढणार कुणावर? औषध लिहून दिलं. आईला म्हटलं, शाळेत भेटा आणि ती कडी आधी बसवून घ्या. मुलीला एक वही दिली. दर दोन तासांनी जायचं, गेलं की फुली. "आई आणि आजीच्या फुल्याही यातच. तपासणार तू." पोरीने पाठ एकदम ताठ केली.

महिन्याने वही आली, सोबत तक्रार, "आजीने दोनदा खोटी फुली मारली." पण मुलीचा रिपोर्ट स्वच्छ होता! मला इतका आनंद झाला, की मी टेबलावर चक्क ताल धरला. तेवढ्यात तिची नजर माझ्या पाण्याच्या बाटलीवर गेली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"डॉक्टर, तुमच्या फुल्या कुठेयत?"

दुपारचे दोन वाजले होते. मी सकाळी आठला घरून निघालेली. "अगं, बाहेर इतके पेशंट बसलेत..."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," आजी पुटपुटली. पुढचं तिने माझ्या डिग्रीकडे बघून गिळलं.

मुलगी खुर्चीवरून उतरली आणि तिने टॉयलेटचं दार उघडून धरलं. "कडी आहे ना?"

"आहे."

"मग जा. मी उभी राहते बाहेर."

मी निमूट गेले. आत मला तिचा आवाज ऐकू येत होता. अगदी आजीसारख्या खणखणीत स्वरात ती सगळ्या दवाखान्याला सांगत होती, "थांबा जरा, डॉक्टर गेल्यात. मध्ये जायला लागतं."