टिकलीचं बटन

आधी माझी ओळख करून घ्या, म्हणजे पुढचं खोटं वाटलं तरी मला वाईट वाटणार नाही. मी पांढुर्ण्यातल्या एका खासगी शाळेत कॉम्प्युटरचा सर आहे. राहायला सौंसरला, रोज येणं-जाणं. भूत, आत्मा, भास असं कोणी काढलं की स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस म्हणजे मी. जामसांवलीच्या देवळात लोक भूतबाधा उतरवायला येतात; मीही जातो, पण हनुमानजीच्या दर्शनाला... आणि खरं सांगायचं तर बाहेरच्या गरम भज्यांसाठीही. नववीच्या पेपरात माझा एक प्रश्न दरवर्षी ठरलेला — "बॅकअप म्हणजे काय? त्याचे महत्त्व लिहा." पाच मार्क. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माझे बाबा वीज खात्यात लाइनमन होते. रामाकोन्यापासून मोहगावपर्यंतचा एकेक खांब त्यांना तोंडपाठ. रिटायर झाले आणि शुगरनं डोळे नेले. आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. टीव्ही सुटला, पेपर सुटला, म्हणून मी त्यांना एक छोटा प्लेअर आणून दिला. काडेपेटीएवढा, अंगठ्याच्या नखाएवढी स्क्रीन. गाणी वाजायची, आवाजही रेकॉर्ड व्हायचा. पण बाबांना बटनच सापडेना. तेव्हा आईनं आपल्या कपाळावरची खड्याची टिकली काढली आणि मधल्या बटनावर चिकटवली.

"घ्या. आता माहं कपाळ चाचपा, म्हंजे गानं लागन."

बाबा लाजले होते. मी पाहिलंय.

मग आईलाच रेकॉर्डिंगचा नाद लागला. कुकर लावता लावता ती प्लेअर तोंडाशी धरून काहीबाही बोलून ठेवायची. प्लेअर सगळं उलटसुलट क्रमानं वाजवायचा, त्यामुळे भजन संपलं की अचानक आई हजर. "अवो, गोळी घेतली का? का निस्तं भजनच ऐकून राहिले?" पुन्हा भजन. मग, "चहात साखर नाई म्हनून तोंड वाकडं करू नका. मले दिसते." अशी अकरा रेकॉर्डिंगं होती. बाबांचं सगळ्यात आवडतं हे — "मी चालली बजारात. दार लावून घ्या. लगेच येते."

पौषात आई गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी नव्हती.

त्यानंतर बाबा दिवसातून तीनदा ओसरीत बसून टिकली चाचपायचे. आई विचारायची, गोळी घेतली का. बाबा म्हणायचे, "घेतो ना." ती म्हणायची, लगेच येते. बाबा म्हणायचे, "हाव, ये." आम्ही आतून ऐकायचो. माझी बायको वैशाली तेव्हा काहीतरी काम काढून मागच्या अंगणात निघून जायची.

आता माझं कर्तृत्व.

मे महिना, शाळेला सुट्टी. मी नवा लॅपटॉप घेतला होता आणि नव्या लॅपटॉपवाल्या माणसाला जगाची सेवा करायची फार घाई असते. ठरवलं, बाबांना नवी भजनं भरून द्यायची. तीनशे भजनं जमवली. वर कीर्तनाचे चौदा व्हिडिओ. हो, व्हिडिओ. डोळे गेलेल्या माणसासाठी, नखाएवढ्या स्क्रीनवर. माझ्या बुद्धीबद्दल यापुढं वेगळं काही सांगत नाही.

दुपारची वेळ. वैशाली बाजारात, बाबा आतल्या खोलीत झोपलेले. मी खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसलो होतो. उजव्या हातात आंबा, कोपरापर्यंत रस. प्लेअर वायरनं जोडला, सिंक दाबलं. स्क्रीनवर एक चौकोन आला. त्यात इंग्रजीत दोन ओळी, खाली येस आणि नो. आता कॉम्प्युटरच्या सरांनी ओळी वाचायच्या म्हणजे कमीपणाच की! उजवा हात रसाचा, म्हणून मी डाव्या हाताच्या करंगळीनं येस दाबलं. हिरवी पट्टी भरत गेली. मी कोय चोखत पाहत होतो.

त्या दोन ओळी काय होत्या ते मी नंतर शोधून वाचलं. हा प्लेअर आधी दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडलेला होता, तर यातलं सगळं पुसून या कॉम्प्युटरमधलं भरायचं का?

भजनं तीनशे आली. व्हिडिओ चौदा आले. आई गेली. तिनं सगळं प्लेअरवरच बोलून ठेवलेलं, दुसरीकडं कुठंच कॉपी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांना "सेल खराब झाला" सांगून प्लेअर पांढुर्ण्याला नेला. तिथं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकलेला माझा एक जुना विद्यार्थी आहे, आता दोन मुलांचा बाप. त्यानं पुसलेल्या फाइली परत काढायचं सॉफ्टवेअर लावलं. संध्याकाळपर्यंत बसलो. शेवटी त्यानं एक तुकडा पेनड्राइव्हवर टाकून दिला. तीन सेकंदांचा. त्यात फक्त कुकरची शिट्टी होती.

"बाकीच्यावर नवीन गानी चढली, सर," तो म्हणाला. मग खाली मान घालून, "सर... बॅकअप नव्हता का?"

पाच मार्क.

घरी येऊन वैशालीला सांगितलं, "व्हायरस आला." आमच्याकडं काहीही बिघडलं की व्हायरस येतो, कोणी शंका घेत नाही. तो चौकोन, ती करंगळी, हे मी कोणालाच सांगितलं नाही. तिलाही नाही. त्या दिवसापासून आंबा मात्र घशाखाली उतरेना. ॲसिडिटी झाली म्हणून सांगत सुटलो.

मग मला दुसरी अक्कल सुचली. वैशाली वरूडची, बोलण्याची ढब आईसारखीच.

"तू आईचा आवाज काढ."

"डोकं ठिकानावर हाये का तुमचं? मेलेल्या मानसाची नक्कल करू मी? तेही बाबांसमोर?"

"त्यांना दिसत नाही ना."

"ऐकू येते ना पन!"

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "झाला का रे दुरुस्त?" ते ऐकून ती उठली, पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "करा चालू." सात रेकॉर्डिंगं केली. एकाच्या शेवटी तिला हसू फुटलं आणि मग रडू आलं, ते दोन्ही फाइलीत तसंच राहिलं. बाजाराचं वाक्य तिला बोलवेना. ते आम्ही सोडून दिलं.

प्लेअर बाबांच्या हातात दिला. त्यांनी टिकली चाचपली. भजन झालं, मग "अवो, गोळी घेतली का?" बाबा एकदम थांबले. मान थोडी वाकडी केली, खांबावरची तार गुणगुणते का ऐकायला करायचे तशी. मग म्हणाले, "हं." आणि गोळी घेतली.

मी सुटलो. मला वाटलं, सुटलो.

आठ-दहा दिवस "हं" वरच गेले. त्यात बाबा इअरफोन लावून ऐकायला लागले. मग एका मंगळवारी बाबा ओसरीत हसले. मोठ्यानं. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी बाहेर आलो.

"तुही माय म्हनते, पांढऱ्या गोळ्या दोनच उरल्या. आनून ठेव."

आमच्या सात रेकॉर्डिंगांत असं काही नव्हतं. पाकीट पाहिलं, दोनच होत्या. म्हटलं, बोटांनी चाचपलं असेल. दोन दिवसांनी म्हणाले, "माळ्यावर डब्यांच्या मांगं निळी बरनी हाये. लिंबाचं लोनचं मुरलं असन म्हनते." बरणी निघाली. वैशाली शिडीवरच बसली. म्हटलं, आईनं जिवंतपणी सांगितलेलं आठवलं असेल. मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस.

वैशाली मात्र ऐकेना. "आत्ताच्या आत्ता ते मशीन जामसांवलीले नेऊन हनुमानजीच्या पायाशी ठेवून आना." गेलो. प्लेअर पायाशी ठेवला. पुजारी बुवांनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, इथं चार्जिंग नाई होत." तसाच खिशात घालून परत आलो. भजी खाल्ली नाहीत.

बाबा झोपले की मी तो प्लेअर स्वतः ऐकायचो. दोन्ही कानांत लावून, डोळे मिटून, एकदा नाही, कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी वैशालीचाच आवाज. तेच हसू, तेच रडू. लॅपटॉपला जोडून पाहिलं, तर तीनशे भजनं, चौदा व्हिडिओ, सात रेकॉर्डिंगं. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाबांच्या शेजारी बसून एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या कानात, असंही केलं. माझ्या कानात वैशाली बोलून राहिली होती आणि बाबा हळूच म्हणत होते, "हाव गं, समजलं."

आषाढ लागायच्या सुमारास, दुपारी चारला, बाबांनी मला ओसरीत बोलावलं.

"बस. वैशालीले बोलावू नको."

बसलो.

"पयले धा दिवस सूनबाई होती. मले का समजत नाई? चाळीस वर्षं ऐकला तिचा आवाज. पन पोरीनं एवढं मनापासून केलं, मी कायले बोलू? त्या मंगळवारपासून मात्र तुही मायच बोलून राहिली."



"आज तुह्यासाठी निरोप देल्ला तिनं." बाबांनी घसा साफ केला आणि जसंच्या तसं सांगितलं. "म्हने, त्याले सांगजा, रसाच्या हातानं मशीनपाशी बसू नये. इंग्रजीत दोन वळी लिवल्या असन तर वाचाव्या, मंग बटन दाबावं. आनं डाव्या करंगळीनं तर बिलकुल दाबू नये, मास्तर हायेस ना तू?"

 घरात त्या आंब्याच्या दुपारी मी एकटा जागा होतो. बाबांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही.

"आनं म्हने, पोरगा महिनाभरापासून आंबा खाऊन नाई राहिला. मोसम चालला. त्याले म्हना खाय. झालं थे झालं."

मी तिथंच ओसरीत, बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून सगळं सांगितलं. चौकोन, येस, हिरवी पट्टी. वैशाली दारात येऊन उभी होती, तिनंही ऐकलं. व्हायरसचं खोटं तिला तेव्हाच कळलं.  ती आत गेली, टोपलीतला शेवटचा आंबा धुऊन आणला आणि माझ्या हातात ठेवला. मी खाल्ला. इतका रडत कोणी आंबा खात नसेल.

बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "तीस वर्षं खांबावर चढलो," ते म्हणाले. "पाह्यल्याबिगर तारेले हात लावला नाई. एकडाव लावला होता, तुले सांगितलं नाई कधी. वाचलो. तूही वाचशीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टिकली चाचपली. भजन झालं. रेकॉर्डिंग लागलं. बाबांनी मान वाकडी केली... आणि इअरफोन काढून ठेवले.

"सूनबाईच हाये," ते म्हणाले.

त्यानंतर रोज सूनबाईच.

म्हणजे हिशेब असा झाला, की एकदा मी तिला पुसलं. ती कशी कोण जाणे, परत आली, नवऱ्याशी बोलायला. आणि शेवटचं बोलणं तिनं माझ्यावर घालवलं. माझ्या आंब्यावर.

बरेच दिवस मनात होतं, पण विचारायला धीर होत नव्हता. एकदा विचारलं. "बाबा, त्या दिवशी निरोपानंतर आणखी काही बोलली का ती?"

"बोलली ना. तेच नेहमीचं. मी चालली बजारात, दार लावून घ्या."

"लगेच येते, म्हणाली?"

बाबांनी बराच वेळ आठवून पाहिलं. अंगठा टिकलीवर होता, पण बटन दाबलेलं नव्हतं.

"नाई," ते म्हणाले. "थे नाई म्हटलं."

याचा उलगडा मला झालेला नाही. कोणाला झाला तर सांगा, मात्र व्हायरस म्हणू नका. पेनड्राइव्हवरचा तो तीन सेकंदांचा तुकडा मी पुष्कळदा ऐकला, तेव्हा कुठं लक्षात आलं, की कुकरच्या शिट्टीनंतर अगदी शेवटी एक बारीक आवाज आहे. बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो, तसा. मग फाइल संपते. त्या तुकड्याच्या आता सहा कॉपी आहेत, सहा वेगवेगळ्या जागी. यंदा नववीच्या पेपरात बॅकअपचा प्रश्न टाकला नाही.

आणि एक. दार लावून घ्या, असं ती सांगून गेली खरी, पण त्या दिवसापासून बाबा ओसरीचं दार दिवसा कोणाला लावू देत नाहीत. शेजारच्यांच्या शेळ्या आत येतात, धूळ येते, वैशाली कुरकुरते. बाबा म्हणतात, "राहू दे. गेलेलं मानूस बजारातून येईपर्यंत उघडं राहू दे."