आधीच दिलेली साक्ष

आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे सांगायला मी लाजत नाही. बाबा सातवी शिकलेले, अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगात फिटर. मशिनींच्या वर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे चर्चमध्ये ते शास्त्रपाठ वाचायला उभे राहिले की माइक बंद करायचे. त्या आवाजाचा त्यांना गर्व होता. मलाही होता.

मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वाचा पूर्ण येईल, अर्धीमुर्धी येईल, नाही तर येणारही नाही. रोज पंधरा मिनिटं सराव घ्या. घाई करू नका."

शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. मी अमरावतीला राजापेठेत ट्यूशन क्लासमध्ये शिकवते. दोनदोनदा नापास झालेली पोरं मी पास करून दाखवली आहेत. मग बापाला चार शब्द शिकवता येणार नाहीत? दर शनिवारी एसटीनं अकोल्याला जायचं, जठारपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बाबांना कूलरसमोर बसवायचं आणि दीड-दीड तास एकच: "पाणी म्हणा बाबा. ओठ मिटा. पा." कूलरसमोर बसूनही त्यांना घाम फुटायचा. एकदा मी टेबलावर हात आपटला, क्लासमध्ये आपटते तसा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आईनं मात्र सगळं देवावर टाकलं होतं. आणि एका रविवारी तिनं भलतंच केलं.

आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाच्या मुलीचं लग्न जुळलेलं असतं. आई कधीच उठत नसे. त्या दिवशी उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "प्रभूनं माह्या मालकाले वाचा देल्ली. त्याचे उपकार."

हालेलुया झाला, टाळ्या झाल्या. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

उपासना सुटल्यावर बाबांभोवती घोळका जमला. "भाऊ, बोला न एक शब्द!" "आमच्यापासून काहून लपवून राहिले?" "आता माइक पुन्हा बंद करा लागते!" बाबांनी तोंड उघडलं. मान ताणली. शब्द आला नाही, लाळ आली. एका बाईनं हळूच पदर डोळ्यांना लावला, आणि बाबांनी तो पाहिला.

ऑटोत मी आईला धरलं.

"खोटं काहून बोलली तू?"

"खोटं नोहोय ते. आधी उपकार मानले. विश्वास म्हणतात त्याले."

"झालं काहीच नाही, अन् उपकार?"

"तुह्या निकालाच्या आधी पेढे वाटले होते म्या. तवा तर मोठी हासली!"

"त्या पेढ्यांनी कोणाची इज्जत नव्हती गेली, माय."

ऑटोवाला आरशातून बघायला लागला. बाबा मध्ये बसले होते. डाव्या हातानं त्यांनी पुढची दांडी घट्ट धरली होती.

त्या दिवसापासून त्यांनी चर्च सोडलं आणि सरावही सोडला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. चर्चचे पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, तरी वळले नाहीत. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "सराव बंद पडला तर जे येऊ शकतं तेही येणार नाही."

मी आईला म्हटलं, "सगळ्यांसमोर बोलली, आता सगळ्यांसमोर परत घे."

चौथ्या रविवारी साक्षीच्या वेळी ती उठली. समोरचा बाक तिनं दोन्ही हातांनी धरला होता. "त्या दिवशी म्या जे सांगितलं ते अजून झालं नाही. म्या घाई केली. देवाच्या पुढं पळाली मी. माह्या मालकाची वाचा येईन का नाही, मले मालूम नाही. तुमी माह्यासंगं थांबा, एवढंच."

साक्ष परत घेतलेली आमच्या चर्चमध्ये कोणी पाहिली नव्हती. मग पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या रिटायर नर्सबाई म्हणाल्या, "थांबतो न बाई. आमाले कुठं जायाचं आहे?"

मला हवं होतं तेच झालं होतं. पण आई बाकाला धरूनच हळूहळू खाली बसली आणि मला माझी लाज वाटली. ती देवाच्या पुढे पळाली, मी बापाच्या. तिनं भर मंडळीत कबूल केलं. मी बी.ए., बी.एड.; मी कुठं कबूल केलं होतं?

घरी येऊन आईनं बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी खाटेपाशी खाली बसले. म्हटलं, "बाबा, माझंही चुकलं. आता तुम्ही म्हणाल तेव्हा, तुम्ही म्हणाल तेवढंच." ते भिंतीकडेच पाहत होते. मी तशीच अमरावतीला परतले. आठवडाभर क्लासमध्ये काय शिकवलं, देव जाणे.

पुढच्या शनिवारी आईनं दारातच सांगितलं, "काल सोताच उठून बसले. ओठाले बोट लावून दाखवलं मले, घे म्हणे सराव."

त्याला पाच महिने झाले. कधी "पा" निघतो, कधी तोही निघत नाही. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसतात, आणि कोणी त्यांना बोला म्हणत नाही. मी प्रार्थना करते, पण आता तारीख घालून देत नाही. भीती गेली असं मात्र नाही. वाचा कधीच आली नाही तर, हा विचार एसटीत दर वेळी माझ्या शेजारी बसतो.

परवा सोमवारी सकाळी मी बॅग उचलली आणि बाबांनी मान ताणली. काहीतरी सांगायचं होतं. मी बॅग खाली ठेवली आणि खाटेवर बसले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आईनं गॅस बारीक केला. माझी गाडी गेली असणार, मी घड्याळ पाहिलं नाही. शब्द आला नाही. बऱ्याच वेळानं बाबांनीच डाव्या हातानं खूण केली, जा आता. मी दुसऱ्या गाडीनं गेले.